वर्ग भरला की वाय-फाय बसतं

प्रश्न : आमच्या शाळेच्या व्हरांड्यात चार राउटर आहेत. एका वर्गातल्या चाळीस मुलांनी टॅब उघडले की सगळं ठप्प. संस्था म्हणते, आणखी वेगवान इंटरनेट घेऊ. घ्यावं का? – एक संगणक शिक्षिका

उत्तर : बाई, इतक्यात पैसे घालू नका. वर्ग चालू असताना एक लॅपटॉप केबलने थेट मुख्य स्विचला, म्हणजे शाळेतल्या सगळ्या नेटवर्क केबल जिथे जोडल्या जातात त्या डब्याला, जोडून बघा. तिथे नेट सुसाट असेल तर दुखणं वाय-फायचं आहे. वाय-फायच्या एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका पट्टीवर, साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीची रांगेत. त्यात राउटर भिंतीपलीकडे. सिग्नल क्षीण, म्हणून प्रत्येकाचा नंबर रेंगाळतो. चारही राउटर २.४ गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या लहरपट्ट्यात एकाच चॅनेलवर असतील तर बघायलाच नको! तिथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या पायात येत नाहीत.

५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यात चॅनेल भरपूर, पण त्याला भिंत सोसत नाही. म्हणून ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने जोडलेलं वाय-फाय देणारं यंत्र, वर्गातच, छताला लावा. पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) स्विच घेतलात तर वीजही त्याच केबलमधून जाते, वर प्लग काढायला नको. केबल कॅट-६ प्रकारची घ्या, स्विचपासून १०० मीटरच्या आत. आणि जुना स्विच १०० मेगाबिटचा निघाला तर आधी तो बदला, नाहीतर नवे ॲक्सेस पॉइंट नुसते शोभेचे.

गुणपत्रकं असलेले कार्यालयातले संगणक व्हीलॅन करून, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं नेटवर्क पाडून, मुलांपासून वेगळे ठेवा. फळ्यावर लिहिलेला सगळ्यांचा एकच पासवर्ड मला तरी पटत नाही.