पंचनाम्यात न आलेलं दूध

प्रिय,

तुझं पत्र आलं त्या दिवशी पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती. त्या दिवसांत कोल्हापुरात कुणी ख्यालीखुशाली विचारत नाही, 'किती फूट?' एवढंच.

तू विचारतोस, पूरसंरक्षणाच्या खर्च-फायद्याचं मॉडेल साहेब लोकांना पटवायचं कसं? पटवूच नकोस. कोणतं गृहीतक हललं की निर्णय फिरतो, ते दाखव.

पूरसंरक्षणाचा खर्च आज होतो, फायदा पुढच्या पिढीला. ५० वर्षांनी टळणारं १०० रुपयांचं नुकसान ५ टक्के वटाव दराने, म्हणजे उद्याचा रुपया आज वर्षाला जितका कमी धरायचा त्या दराने, आज जेमतेम ९ रुपये भरतं. दर १.४ टक्के धरला तर ५०! हवामान बदलाच्या अर्थकारणावरच्या २००६च्या स्टर्न अहवालाने साधारण तेवढाच दर धरला होता, आणि अर्थतज्ज्ञ नॉर्डहाउस यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. सगळं भांडण त्या एका आकड्याचं, आणि आपण तो परिशिष्टात पुरतो. पहिल्या पानावर घे.

लाल पूररेषेचं, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीचंही तसंच. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हटलं की बैठक निवांत होते. तीस वर्षांच्या गृहकर्जात तो पूर गाठण्याची शक्यता २६ टक्के, असं सांगून बघ. तीही पाऊस पूर्वीसारखाच पडेल असं धरून. २००५, २०१९, २०२१चे पूर पाहिलेल्या माणसाला ते धरवत नाही.

माझी चूक सांगतो. मी एकदा नुकसानीचा सगळा हिशोब पंचनाम्यांवर बेतला. घर पडलं, जनावर वाहून गेलं, नोंद झाली. चिखलीत एका मावशींनी विचारलं, "म्हस वाचली, पण छावणीत आटली. ते दूध कुठं धरलंय?" कुठंच धरलं नव्हतं. बुडालेली मजुरी नाही, कुजलेली वैरण नाही. शिवाय नुसते रुपये मोजले की बंगल्याचं फर्निचर गोठ्याला भारी पडतं. मग उत्तर येतं, शहराकडे भिंत बांधा. पाणी चढतं पलीकडच्या गावात. म्हणून दुसरा तक्ता जोड: नुकसान त्या घराच्या किती महिन्यांच्या कमाईएवढं? दोन तक्ते वेगळं सांगू लागले तर घाबरू नकोस. निवड मंत्र्यांनी करायची, उघड्यावर.

कर्नाटकातल्या अल्मट्टी धरणाचं विचारलंयस, ते भेटीत. पत्रात मावणार नाही.

मसुदा पाठव. वटाव दर कुठं लिहिलायस ते आधी बघीन, मग पुढचं वाचीन.

तुझा,
काका