नऊ वर्षं उभी असलेली १९६६ ची एमजीबी (एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन सीटची स्पोर्ट्स कार) मुंबईत पुन्हा रस्त्यावर आणायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांची १९६६ ची उघडी, म्हणजे कापडी टपाची एमजीबी माहीमला इमारतीच्या आवारात नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. गॅरेजवाला म्हणतो, बॅटरी टाकू, सेल्फ मारू, मग बघू. आधी इंजिन करावं की रंग, आणि पुढे इथल्या हवेत गाडी टिकवायची कशी?

सेल्फ मारू देऊ नका. इंजिन आणि रंग या दोन्हींच्या आधी पत्रा बघा. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. त्यात डोक्यावर छप्पर नाही, त्यामुळे गाडीचा बराचसा भार दाराखालच्या दोन लांब पोकळ पेट्यांवर येतो. डेंटर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारे, त्यांना सिल म्हणतात. इंजिन हे साधं लोखंडी ब्लॉकचं १७९८ सीसीचं मशीन आहे, त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. सिल मात्र समुद्राच्या हवेत आतून कुजते, आणि बाहेरचा रंग चकचकीत असला तरी काही कळत नाही. पैसा कमी असेल तर सगळा तिथे घाला, रंग दोन वर्षांनी करा.

तपासणी एका सकाळीत होते. छोट्या लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळून सिलवरून, मागच्या चाकाच्या कमानीवरून आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकावरून फिरवा. जिथे चुंबक सुटतो तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग दाराची मागची फट बघा. चाकांवर उभी असताना ती वर अरुंद आणि खाली रुंद दिसली तर गाडी मध्ये बसलेली आहे. आता सिलच्या मधोमध असलेल्या जॅक पॉईंटखाली लाकडाची फळी ठेवून, दार उघडं ठेवून, ती बाजू हळूहळू उचला. चाक जमिनीवरून सुटल्यावर दार नेहमीसारखं लागलं तर चांगली खूण. अडकलं, किंवा आतून करकर ऐकू आली, तर थांबा आणि खाली घ्या. जुन्या गाड्यांत तो जॅक पॉईंटच पत्र्यातून वर घुसतो, म्हणून जॅकवरच्या गाडीखाली कुणीही हात घालू नये.

सिलच्या तळाला पाणी जायला भोकं असतात. चिखलाने ती बुजली की पावसाचं पाणी आतच साठतं. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आतही चिखलाचा ढीग बसतो आणि ओला राहतो. सीटमागच्या झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या पेट्या आहेत, त्यांचा तळ बहुतेक गाड्यांत ॲसिडने गेलेला असतो.

सिल बदलायची म्हणजे तीन थर: बाहेरचा पत्रा, आतली उभी भिंत आणि खालचा पन्हळीसारखा पट्टा. बाहेरचा पत्रा पुढच्या मडगार्डच्या आत आणि मागच्या मडगार्डच्या खाली जातो. म्हणून पुढचं मडगार्ड बोल्ट काढून उतरवावं लागतं, आणि मागच्याचा खालचा तुकडा कापून परत जोडावा लागतो. हे टाळण्यासाठी जुन्यावर नवा पत्रा चढवून रंग मारणारे पुष्कळ आहेत. तसं काम दोन पावसाळ्यांत फुगून वर येतं, आणि ताकद तर पहिल्या दिवसापासून नसते. डेंटरला तीन गोष्टी आधीच सांगा. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आडवा टेका वेल्ड करायचा. एका वेळी एकच बाजू उघडायची. आणि दर टप्प्याला दार लावून फट बघायची. गॅस वेल्डिंग नको, पातळ पत्रा उष्णतेने वेडावाकडा होतो. मिग (तार आपोआप पुढे येणारं विजेचं) वेल्डिंगच करा. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी बनवत आली आहे, त्यामुळे सुटे पत्रेही मिळतात; मागवण्याआधी भाडं आणि कस्टम ड्युटीचा हिशेब करा. सपाट तुकडे इथला चांगला डेंटर सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यात घडवतो, पण सिल तयारच घ्या.

काम संपलं की पोकळीत मेणासारखं गंजरोधक द्रव्य फवारायचं, आणि ते एप्रिल-मेमध्ये. पत्रा तापलेला आणि आतून कोरडा असला की मेण सांध्यात झिरपतं. जुलैत फवारलं तर दमट हवा आत कोंडली जाते.

आता इंजिन. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑईल ओता, दोन दिवस जाऊ द्या. मग चौथा गिअर टाकून गाडी हाताने ढकला. इंजिन फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑईल घाला आणि थांबा; चिकटलेल्या रिंगा सेल्फच्या झटक्याने मोडतात. जुनं ऑईल काढून २०डब्ल्यू-५० ग्रेडचं घाला, फिल्टरसकट साधारण सव्वाचार लिटर लागतं. फिल्टरच्या भांड्याच्या वरची रबरी रिंग नवी घाला, आणि जुनी खाचेतून टोकदार सुईने काढल्याची खात्री करा. तीवर दुसरी बसवली की ऑईल धारेने गळतं. यानंतर प्लग न लावता सेल्फ मारा आणि ऑईल प्रेशरचा काटा हलतो का ते पाहा. काटा हलल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत. गाडी गरम होऊन चालत असताना ५० ते ७० पौंड प्रेशर चांगलं.

बॅटरी जोडताना सगळ्यात मोठी चूक होते. १९६६ च्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे अधिक टोक बॉडीला. इथला वायरमन सवयीने उणे टोक बॉडीला लावतो, आणि आरपीएम मीटर जळतं. नंतर कुणी बदल केला असेलच, तर डायनामो आणि कॉईलची जोडणीही त्याप्रमाणे बदललेली असायला हवी. वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघूनच जोडा.

ट्यूनिंगचे आकडे: पॉईंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या संपर्काची) गॅप ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५ इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद ठेवून लावलेली ठिणगीची वेळ) पिस्टन पूर्ण वर येण्याच्या १० अंश आधी. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, इंजिन थंड असताना ०.०१५ इंच. इथे दोन व्हॉल्व्हच्या नंबरांची नवाची बेरीज वापरा: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना आठवा सेट करायचा, तिसरा दाबलेला असताना सहावा. सिलिंडर हेड उघडलं असेल तर नट ४५ ते ५० फूट-पौंड, मधून बाहेर जात, आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा.

दोन एसयू (मेकचं नाव) कार्ब्युरेटर बघून घाबरू नका. जेटखालचा नट पूर्ण वर घेऊन दोन फेरे खाली, ही सुरुवात. कार्ब्युरेटरच्या वरच्या पोकळ दांड्यात पातळ ऑईल, त्या दांड्याच्या टोकाच्या अर्धा इंच वर येईल इतकं. ते नसेल तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गचके खाते. कानाला रबरी नळी लावून दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडांचा फुस्स आवाज सारखा करा. मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन एका वेळी एक, जेमतेम पाऊण मिलिमीटर उचला. आरपीएम किंचित वाढून परत बसलं तर मिश्रण बरोबर. वाढून वाढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त, बंद पडायला लागली तर कमी.

आजच्या पेट्रोलचे दोन प्रश्न आहेत. शिशाचं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं, आणि जुन्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा) शिशावर जगत होत्या. हेड उतरलंच तर कडक सीट बसवून घ्या. तोवर टॅपेटची गॅप पुन्हा पुन्हा कमी होते का ते मोजत राहा. दुसरं म्हणजे इथेनॉल. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुने रबरी पाइप मऊ करतं, आणि ते कुस्करून कार्ब्युरेटरमध्ये येतात. टाकीपासून कार्ब्युरेटरच्या फ्लोटपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे घ्या, फ्लोटच्या सुईचं टोक व्हिटॉनचं (पेट्रोल सोसणारं रबर), आणि मिश्रण जेटच्या नटाच्या एक-दोन बाजूंइतकं जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं ठेवा. टाकी उतरवून आतून बघा. ती वरच्या बाजूनेही गंजते, कारण ओल तिथेच साठते.

ब्रेकला एकच सर्किट आहे, एक नळी गेली की चारही चाकं गेली. नऊ वर्षांनंतर मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि कॅलिपर यांची सगळी रबरं, आणि तिन्ही लवचिक होज नवे घाला. जुना होज आतून सुजतो आणि ब्रेक धरूनच राहतो. ब्रेक ऑईल दरवर्षी बदला, इथल्या दमट हवेत ते पाणी पटकन ओढतं.

गाडी ट्रॅफिकमध्ये उकळते ही तक्रार दर वेळी रेडिएटरचीच नसते. ब्लॉकच्या मागच्या टोकाला पाणी सोडायचा छोटा नळ आहे. तो उघडला तरी पाणी येत नसेल, तर आत गंजाचा चिखल घट्ट बसलाय आणि चौथा सिलिंडर तापतोय. नळ काढून तारेने टोचा, पाण्याचा पाइप लावून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. मग ७४ अंशांचा थर्मोस्टॅट घाला. थर्मोस्टॅट काढूनच टाका, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

तारांची चाकं असतील तर ती काढून आतले दाते बोटाने चाचपा. टोकदार लागले तर हब आणि चाक दोन्ही संपलेत. मधल्या नटाचे आटे डावीकडे आणि उजवीकडे उलट आहेत, म्हणून दोन बाजूंचे हब अदलाबदल झाले तर चालत्या गाडीत नट सुटतो. किंगपिनला (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं तिला) प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत. चाक उचलून, भार काढूनच ग्रीस मारा, नाहीतर ते हव्या त्या जागी पोचत नाही.

नटबोल्ट इंची, बहुतेक यूएनएफ आणि यूएनसी आट्यांचे. मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने बसवला की आटे गेले. बोल्ट, बेअरिंग, ऑईल सील यांसाठी नमुना खिशात घेऊन नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जा, मापावर मागा.

कागद असले तरी आरसीवरचा चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या पट्ट्यांशी अक्षर अन् अक्षर जुळवा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते आणि आधीचा नंबर ठेवता येतो. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी सहज वरळीपर्यंत जायचं असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करत राहा.

पावसाळ्यासाठी ताडपत्री आजच फेकून द्या. तिच्याखाली घाम सुटतो. सुती कव्हर, वर छप्पर, आतले गालिचे काढून घरात. हँडब्रेक ओढू नका, चाकांना विटा लावा, नाहीतर मागचे लायनर ड्रमला चिकटतात. क्लचचा पेडल लाकडी फळीने दाबून ठेवा, प्लेट फ्लायव्हीलला धरत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. बॅटरीची तार सोडलेली. पंधरा दिवसांतून एकदा कोरडा दिवस बघून गाडी बाहेर काढा आणि अर्धा तास खरोखर चालवा. जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये पाणी जमतं, आणि ते वाफ होऊन जाण्याइतकी गाडी तापतच नाही.