नांगर

चि. बाळ,

सलाम.

तुझा मेसेज सकाळी पाहिला. रात्री पावणेतीनची वेळ दिसली, म्हणजे नाइट ड्यूटी असणार. "बाई, डोळे मिटते पण शब्दच येत नाहीत. आई गेल्यापासून चर्चमध्ये बसवत नाही. माझा विश्वास संपला का?" एवढंच लिहिलंयस. याला मोबाइलवर दोन ओळींत उत्तर देणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून हे लांबलचक. वॉर्डात उघडू नकोस, रूमवर गेलीस की चहा करून निवांत वाच.

आधी एक गोष्ट निकालात काढू. आईच्या दफनविधीनंतर तुला कोपऱ्यात घेऊन कुणीतरी म्हणालं, "पोरी, कुठेतरी विश्वास कमी पडला गं." मी जवळच उभी होते, ऐकलं मी. तेव्हाच बोलायला हवं होतं, गप्प राहिले याची मला अजून लाज वाटते. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेणारी, परत आल्यावर उपास-प्रार्थनेला बसणारी मुलगी, आणि तिचा विश्वास कमी? आपल्याकडे चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते सांगायला, माइक मिळतो तो ज्याचं काम झालं त्याला. नोकरी लागली, ऑपरेशन नीट झालं, व्हिसा आला. त्यांच्यासाठी मीही टाळ्या वाजवते. पण ज्यांचं काम झालं नाही आणि तरी जे पुढच्या रविवारी येऊन बसले, त्यांना आम्ही कधी पुढे बोलावलं नाही. तुम्हा पोरांना त्यामुळे वाटत राहतं की आशा म्हणजे हवं ते मिळणं.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय मी तुमच्याकडून संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतला होता. अर्धाच. हाबेल, नोहा, अब्राहाम, मोशे, आणि घंटा व्हायची. शेवटच्या ओळी मी कधी शिकवल्याच नाहीत. त्यांत धोंडमार झालेले आहेत, करवतीने चिरलेले आहेत, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकणारे आहेत, आणि यांतल्या कुणालाही वचन दिलेलं फळ हाती लागलं नाही, असं तिथं सरळ लिहिलंय. अब्राहामासारख्यांनीही ते दुरून पाहिलं, तेवढंच. मुलं लहान आहेत, कशाला घाबरवायचं, असा माझा विचार. चूकच झाली. आता तू मोठी आहेस, स्वतः काढून वाच.

आता आशेबद्दल. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की आशा हा आपल्या जिवाचा नांगर आहे. मी जिरायत गावातली. नांगर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? उन्हाळी नांगरट. ज्वारी निघून गेलेली, जमीन भेगाळलेली, आभाळात औषधालासुद्धा ढग नाही, आणि आमचे आप्पा पहाटे चारला बैल जुंपायचे. ऊन वर आलं की बैलांना ओढवत नाही, म्हणून चार. फाळ अडायचा, ही एवढाली ढेकळं निघायची. मी न्याहारी घेऊन जायचे. एकदा विचारलं, पाऊस येईल का हो यंदा? आप्पा म्हणाले, "मला काय ठाऊक? पण आला आणि रान तसंच पडलेलं असलं, तर मग कुणाला बोलायचं?" कित्येक वर्षं तो वचनभाग मी असाच वाचला. आशा म्हणजे ढग नसताना केलेली नांगरट. पाळकसाहेबांनाही एकदा तसंच सांगितलं. ते हसले, पण चूक काही दाखवली नाही.

चूक कळली ती पन्नाशीत. महिलांच्या शिबिराला वसईला गेलो होतो, तिथून पाचूबंदरला. ओहोटीच्या वेळी होड्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या नाकाडापासून एक दोर ताणून पाण्यात गेलेला. मी विचारलं, हा दोर कशाला बांधलाय? तिथली कोळीण म्हणाली, "नांगर टाकलाय ना खाली." मी बघतच राहिले. पत्रातला नांगर हा होता! पडद्याच्या आत पोचलेला, म्हणून लिहिलंय तिथं. म्हणजे जिथं डोळे पोचत नाहीत तिथं रुतलेला. मी म्हटलं, पण होडी तर हलतेच आहे. ती म्हणाली, "हलणारच की. वाहून जात नाही ना?"

दोन्ही नांगर मी ठेवून घेतले आहेत. विद्वान मंडळी म्हणतील मूळ ग्रीक शब्द जहाजाचाच आहे, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या भाषेने एकाच शब्दात दोन्ही घातलेत तर मी एक का सोडू? तुझी होडी सध्या हलतेय, बाळा. रात्री पावणेतीनला तू मला विचारलंस, दुसरीकडे कुठे गेली नाहीस. दोर ताणलेला आहे म्हणूनच तुला ओढ जाणवतेय.

यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट मला अशा वेळी फार उपयोगी पडते. बत्तिसावा अध्याय. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा, हा स्वतः पहारेकऱ्यांच्या अंगणात कैदेत, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत घे. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच इतकी वर्षं ओरडून सांगत होता. तरी त्याने घेतलं. १७ शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तागडीत तोलून दिलं, खरेदीखत केलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहरबंद, एक उघडी, आणि दोन्ही मडक्यात घालून ठेवायला लावल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. आपल्याकडच्या तहसील कचेरीतसुद्धा इतकं नीट होत नाही. आणि मला आवडतं ते पुढचं: खत झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो आणि देवालाच म्हणतो, अरे, शहर तर शत्रूच्या हातात चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! म्हणजे मनाची खात्री पटली आणि मग व्यवहार केला, असं झालेलं नाही. व्यवहार आधी, शंका नंतर, आणि देवाला दोन्ही चाललं.

आपल्या जवळचं हवं असेल तर केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला जाऊन ये, तुझ्या पुण्यापासून लांब नाही. रमाबाईंचं नाव घेतलं की लोक विद्वत्तेचं बोलतात. मला आठवते ती त्यांच्या घरातल्या मरणांची रांग. दुष्काळात आई, वडील, बहीण. १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा, पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी. उतारवयात बायबलचं भाषांतर अंगावर घेतलं, साध्या बायांना वाचता येईल अशा मराठीत, आणि त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ते काम चालू असताना १९२१ साली ती एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. जिच्या हाती सगळा कारभार द्यायचा तीच. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मधले आठ-नऊ महिने त्या टेबलाशी कशा बसल्या असतील, हे मला माहीत नाही. मला तेवढेच महिने दिसत राहतात. संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ साली, मुक्तीतल्याच छापखान्यात. त्यांनी ते बांधलेलं पाहिलं नाही.

आता माझं. यजमान गेले तेव्हा मी चौदा महिने चर्चची पायरी चढले नाही. सगळ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं म्हणजे "उपासना संगीत" हे गीतांचं पुस्तक उघडलं की शेजारून त्यांचा खर्जातला आवाज येत नाही, ते सोसवेना. परत गेले ती कुठल्या प्रवचनाने नाही. आमच्याकडे प्रभुभोजनाचे पेले धुणाऱ्या आजी आजारी पडल्या, आणि वॉचमन किल्ली घेऊन माझ्या दारात. "बाई, तेवढं करता का, दुसरं कुणी नाही." बोटाएवढे काचेचे पेले. द्राक्षरस वाळला की तळाशी जांभळी कडी धरते, ती फडक्याने निघत नाही. कोमट पाण्यात सोडा घालून ठेवायचे आणि काडीला कापूस गुंडाळून एकेक फिरवायचा. मी सात-आठ महिने नुसतं तेच केलं. प्रार्थना शून्य. एकदा शेवटचा पेला पुसताना लक्षात आलं की आपण काहीतरी गुणगुणतोय. कधीपासून, कोण जाणे.

म्हणून तुला मोठमोठे नेम सांगत नाही. पहाटे तासभर उठ वगैरे तर नाहीच, नाइट करून आलेल्या पोरीला झोप ही गरज आहे. शब्द येत नाहीत तर उसने घे. ८८ वं स्तोत्र काढ. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी "तरी मी स्तुती करीन" असं काही नाही. ज्यांनी स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते गाळलं नाही. रोज तेवढंच वाचलंस तरी चालेल. चर्चला जाशील तेव्हा शेवटच्या बाकावर बस, गाऊ नकोस, इतर गातील. आणि जेवण जात नसेल, झोप उडाली असेल आणि ते आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखव. तू नर्स आहेस, तुला हे मी सांगायला नको, पण नर्सांनाच सांगावं लागतं.

गलतीकरांस पत्रात आहे ना, न खचलो तर यथाकाळी पदरी पीक पडेल. यथाकाळी म्हणजे कधी, ते पौलाने लिहिलेलं नाही. मी खूप शोधलं.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. शनिवारी संध्याकाळी काळ्या मनुका निवडून उकळायला ठेवायच्या असतात. देठं राहिली की रसाला तुरट चव येते आणि मग लहान पोरं तोंडं वाकडी करतात. माझ्याने आता ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही, आणि गुडघ्यांचं कारण या वेळी खरं आहे. सुटी मिळत असेल तर शनिवारी दुपारची एसटी धर. साक्ष द्यायची नाही, कुणाला भेटायचं नाही, मागच्या दाराने ये. पेले ४२ होते, एक माझ्या हातून फुटला.

तुझी,
बाई