पुढची ओळ रंगत नाही, कारण मध्ये एक टेक्स्ट नोड बसलाय

तुम्ही गुहागरच्या होमस्टेच्या पेजवर फेरीबोटींची यादी दिली आहे: वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. एका ओळीवर क्लिक केलं की तिच्या पुढची ओळ रंगायला हवी. त्यासाठी जावास्क्रिप्टमधलं नेक्स्टसिब्लिंग (पुढचा नोड, म्हणजे पानाचा पुढचा तुकडा देणारी प्रॉपर्टी) वापरलंत, तर लॅपटॉपवर 'क्लासलिस्ट अनडिफाइन्ड'चा एरर (क्लासलिस्ट म्हणजे एलिमेंटला लावलेल्या क्लासची यादी), आणि सर्व्हरवर तोच कोड बिनबोभाट चालतो. ब्राउझरला दोष देऊ नका.

दोन एलआयच्या (यादीतल्या एकेका ओळीच्या टॅगच्या) मध्ये तुम्ही एंटर मारलाय, इंडेंटसाठी स्पेस दिल्यात. डॉमच्या, म्हणजे ब्राउझर पानाचं जे झाड बनवतो त्याच्या, आत त्या स्पेसचाही एक टेक्स्ट नोड होतो आणि नेक्स्टसिब्लिंग तोच हातात देतो. टेक्स्ट नोडला क्लासलिस्ट नसते. खात्री करायची तर कन्सोलवर त्याचा नोडटाइप छापा: १ म्हणजे एलिमेंट, ३ म्हणजे टेक्स्ट, ८ म्हणजे कॉमेंट. तुम्हाला ३ दिसेल. सर्व्हरवर बहुतेक मिनिफाय केलेली फाइल जाते, त्यात मधल्या स्पेस उडालेल्या असतात.

काहीजण यावर नेक्स्टसिब्लिंग दोनदा लिहितात. कृपा करून तसं करू नका. लॅपटॉपवर चालेल, पण सर्व्हरवर वेसवीवर क्लिक केलं की दाभोळ सोडून थेट तवसाळ रंगेल.

नेक्स्टएलिमेंटसिब्लिंग वापरा, मागे जायला प्रीव्हियसएलिमेंटसिब्लिंग. हे दोन्ही टेक्स्ट आणि कॉमेंट गाळून फक्त एलिमेंटच देतात. जुन्या लेखांत यासाठी लांबलचक लूप दिसतात, कारण इंटरनेट एक्सप्लोरर ८ पर्यंत ही सोय नव्हती. आता त्या लूपची गरज नाही. शेवटच्या ओळीपुढे मात्र नल (म्हणजे 'काहीच नाही') मिळतो, तेव्हा रंगवण्याआधी तपासा. तिथून पुन्हा वेसवीवर यायचं असेल तर पेरेंटएलिमेंटचा फर्स्टएलिमेंटचाइल्ड घ्या.

पुढेमागे बंद फेऱ्यांच्या ओळी लूपमध्ये काढाल, तेव्हा आधी पुढचा नोड व्हेरिएबलमध्ये धरा, मग रिमूव्ह करा. काढलेल्या नोडला भावंडंच उरत नाहीत, त्यामुळे त्याला पुढचा विचारलात की नल येतो आणि लूप पहिल्याच ओळीवर थांबतो.

आणि नुसतं रंगवायचंच असेल तर क्लिक केलेल्या ओळीला एक क्लास द्या आणि सीएसएसमध्ये त्या क्लासनंतर अधिक चिन्ह लिहून एलआय लिहा. मधल्या स्पेसकडे सीएसएस बघतही नाही.