कुठला बिंदू दाबू?

प्रश्न : ताई, आई जाऊन चार महिने झाले. रडू येत नाही, छाती भरल्यासारखी वाटते. मधेच घरच्यांवर चिडचिड होते, रात्री घाबरून जाग येते. ॲक्युप्रेशरच्या तक्त्यात दुःखाला फुप्फुसाची मेरिडियन (म्हणजे शरीरातली ऊर्जा वाहते असं मानलेली वाट), रागाला यकृताची आणि भीतीला मूत्रपिंडाची दिली आहे. मला तर तिन्ही लागू पडतात! रोज डझनभर बिंदू दाबते, फरक शून्य. नेमके कोणते निवडू?

उत्तर : आधी एक विचारते. छाती भरते ती चालताना, जिना चढताना वाढते का? हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाते का? तसं असेल तर बिंदू शोधत बसू नका, आजच डॉक्टर गाठा.

ते नसेल तर डझनातले तीन ठेवा, बाकीचे सोडा. तक्ता चिनी वैद्यकाच्या पंचतत्त्वांवर बेतलेला आहे, त्यात हृदयाला उल्हास आणि प्लीहेला काळजीही दिलेली असते. तो अभ्यासाला ठीक. पण आई गेल्यावर दुःख, राग, भीती एकेकटी येत नाहीत, त्यामुळे भावनेच्या नावावरून बिंदू निवडायला गेलं की यादी लांबतच जाते. मी उलटीकडून निघते : शरीर कुठे बोलतंय? तुम्हीच लिहिलंय, छातीत.

म्हणून पहिला बिंदू नेइग्वान, हृदयावरणाच्या मेरिडियनवरचा सहावा. डावा तळहात वर करा. मनगटाच्या घडीला लागून उजव्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, अनामिका घडीकडे. तर्जनीची कड जिथे संपते तिथे, हाताच्या मध्यभागी. मूठ हलकेच मिटून मनगट थोडं आत वाकवलं की दोन ताठ कंडरा वर येतात, त्यांच्या मधली खाच ती जागा. काहींना एकच कंडरा दिसते. दुसरी जन्मतःच नसते, त्यात काळजीचं काही नाही. अंगठा टेकवून श्वास सोडताना दाब वाढवा, घेताना सैल करा. दुखलं तरी हवंहवंसं दुखावं, दात आवळावे लागले तर जास्त झालं. दोन मिनिटं, मग दुसरा हात.

दुसरा शानझोंग, छातीच्या मधल्या हाडावर, चौथ्या बरगड्यांमधल्या जागेच्या पातळीला. इथे जोर नको, तीन बोटांची पेरं नुसती टेकवा. बऱ्याच जणांना इथे रडू फुटतं. फुटलं तर फुटू द्या. ‘बिंदू उघडला’ वगैरे म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. इतक्या दिवसांत स्वतःच्या छातीवर हात ठेवून स्वस्थ बसायला तुम्हाला फुरसत तरी कुठे मिळाली असणार!

रात्रीसाठी तिसरा, शेनमेन. मनगटाच्या घडीवरच करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढं हाड लागतं, त्याला लागून आतल्या अंगाच्या खळग्यात. जाग आली की अंथरुणातच दाबा, दिवा लावू नका.

आता खरं ते सांगते. मेरिडियन शरीररचनेत कुणाला सापडलेल्या नाहीत. नेइग्वानचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो मळमळीवर, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या. चिंता आणि झोपेवरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत, त्यांत दिसतो तो तात्पुरता आराम. तरी मी हे शिकवते, कारण संथ श्वास आणि हाताला काम, एवढ्यावर वाईट घटका निभावते. दुःख यानं जात नाही, जावं अशी अपेक्षाही धरू नका. मात्र जेवण तुटलं असेल, रोजची कामं होत नसतील किंवा जगू नये असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

प्रश्न : सून पाच महिन्यांची गरोदर आहे, फार धास्तावते. अंगठा आणि तर्जनीमधला हेगू दाबून देऊ का?

उत्तर : नको. हेगू, घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरचा सानयिनज्याओ आणि खांद्यावरचा ज्यानजिंग हे तिन्ही गरोदरपणात परंपरेनंच वर्ज्य मानतात. नेइग्वान चालतो, गरोदरपणातल्या मळमळीवर तो वापरतातच, पण तिच्या डॉक्टरांच्या कानावर घालून. आणि दाबायचं तिचं तिनं. किती जोर सोसवतो ते तिच्या बोटांना कळेल, तुमच्या नाही.