हिब्रू बायबलमधला 'पेलेख' म्हणजे काठी की टकळी?

तुम्ही विचारलंय की २ शमुवेल ३:२९ मधल्या दावीद राजाच्या शापात एका इंग्रजी बायबलमध्ये 'काठीवर टेकणारा' आहे आणि दुसऱ्यात 'टकळी धरणारा', तर खरं कुठलं. माझं स्पष्ट मत, टकळी.

मूळ शब्द 'पेलेख', शेवटचा ख घशातून. नीतिसूत्रे ३१:१९ मध्ये कर्तबगार बाईचं वर्णन आहे ना, तिथे तिच्या हातात हाच पेलेख आहे, आणि सहा ओळी आधी ती लोकर आणि जवसाचा धागा शोधते असं म्हटलंय, म्हणजे सूत कातायचंच चाललंय. शेजारच्या मेसोपोटेमियातल्या (आताचं इराक) जुन्या अक्कादी भाषेतही टकळीला 'पिलक्कू' म्हणायचे, त्यामुळे अर्थाबद्दल शंकेला फारशी जागा राहत नाही.

फक्त चरखा डोळ्यासमोर आणू नका, चरखा कितीतरी शतकांनी आला. आम्हाला शाळेत सूतकताईला टकळी होती, बारीक दांडी आणि खाली गोल चकती, उजव्या हाताने गिरकी द्यायची आणि डाव्या हाताने पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) हळूहळू वर ओढत न्यायचा, जरा घाई केली की तटकन तुटलं. पेलेख त्याच जातीचा. इस्रायलमध्ये उत्खननात दगडाच्या, हाडाच्या, मातीच्या अशा मधे भोक असलेल्या चकत्या भरपूर सापडतात, लाकडी दांडी कुजून जाते आणि चकती तेवढी उरते.

नीतिसूत्रांच्या त्याच ओळीत दुसरा शब्द आहे 'किशोर' (आपल्या किशोरशी काही संबंध नाही!). तो अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये एकदाच येतो म्हणून खरा वाद त्याच्यावर आहे. बरेच भाषांतरकार म्हणतात लोकर गुंडाळून ठेवायची काठी, आताचे काही अभ्यासक म्हणतात तीही एक प्रकारची टकळीच, दोन धागे एकत्र पिळायची.

आता शाप. दाविदाच्या यवाबाने विरुद्ध बाजूकडून समेटाला आलेल्या अबनेरला मारलं म्हणून दावीद म्हणतो, यवाबाच्या घराण्यात कोड झालेला, तलवारीने पडणारा, भाकरीला महाग झालेला आणि पेलेख धरणारा माणूस कायम राहो. ग्रीक भाषांतरात तिथे काठी केली, १६११ च्या इंग्रजीतही तेच, म्हणजे लंगडा माणूस असा अर्थ घेतला. पण यवाब सेनापती होता, सेनापतीच्या वंशातल्या पुरुषाच्या हातात तलवारीऐवजी बाईच्या कामाची टकळी, हा त्या काळच्या लोकांना झोंबणारा अपमान होता, काठी म्हटलं की तो टोचणीचा भागच निघून जातो.

नहेम्याच्या ३ऱ्या अध्यायातही पेलेख दिसेल, तिथे त्याचा अर्थ जिल्हा असा आहे. स्पेलिंग तेच पण शब्द वेगळा, त्यात गोंधळू नका.

आणि मला सगळ्यात आवडणारा पुरावा बायबलच्या बाहेरचा आहे. तुर्कस्तानात कारातेपेला इसवीसनपूर्व ८व्या शतकाचा फिनिशियन शिलालेख आहे, हिब्रूची सख्खी बहीणच ती भाषा. त्यात अझातिवदा नावाचा सत्ताधीश सांगतो की पूर्वी ज्या रस्त्याने पुरुषही जायला घाबरायचे, तिथे माझ्या काळात बाई एकटी टकळ्या घेऊन चालते. तिथेही शब्द हाच, प-ल-ख.