वाट पाहताना काय खेळू?

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्याला धीर धरवत नाही. ‘पाचच मिनिटं’ म्हटलं, की दोन मिनिटांत ‘झाली का?’ सुरू होतं आणि शेवटी मोबाइल हातात द्यावा लागतो. काय करावं? – एक आई

उत्तर : ‘पाच मिनिटं’ हे माप या वयात कळतच नाही. त्यातून आपण मोठी माणसं तेच शब्द कधी दोन मिनिटांसाठी वापरतो, कधी अर्ध्या तासासाठी. म्हणून त्याला डोळ्यांनी दिसेल असं माप द्या.

वीतभर लांब, तीन बोटं रुंद अशी कागदाची पट्टी घ्या आणि त्यावर चौकोन आखा. एक जण आत गेला की त्याने एक चौकोन रंगवायचा. सहापेक्षा जास्त चौकोन नकोत. शेवट फार लांब दिसला तर मूल पहिल्याच चौकोनाशी कंटाळतं. पुढे दहा जण असतील तर दोघांमागे एक चौकोन धरा. आणि टोकाला एक चौकोन जास्तीचा ठेवून त्यात प्रश्नचिन्ह काढा. तातडीचा पेशंट मध्येच आत गेला तर तो या चौकोनात बसतो. हा चौकोन आखायचा राहून गेला तर पट्टी खोटी ठरते आणि पुढच्या वेळी मूल ती हातातही घेत नाही.

मुलांच्या थांबण्यात विश्वासाचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा याविषयीचा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३ ते ५ वर्षांच्या मुलांना आधी चित्रांसाठी छान साहित्य आणून देण्याचं कबूल केलं होतं. काहींना ते मिळालं, काहींना मिळालं नाही. मग प्रत्येकासमोर खाऊ ठेवून ‘थांबलास तर आणखी एक मिळेल’ असं सांगितलं. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली सरासरी ३ मिनिटं. तेव्हा ‘आता आपलाच नंबर’ हे खरोखर आपलाच नंबर असेल तेव्हाच म्हणा.

दोन चौकोनांच्या मधल्या वेळेत पाठीवरचं चित्र खेळा. तुम्ही त्याच्या पाठीवर बोटाने आकार काढायचा, त्याने ओळखायचा. सुरुवात गोल, उभी रेघ आणि फुली या तिघांपासूनच करा, अक्षरांपासून नको. बोट सावकाश फिरवा, थोडा दाब द्या; घाईघाईने काढलं तर गुदगुल्याच होतात आणि खेळ तिथेच मोडतो. मग त्याला तुमच्या पाठीवर काढू द्या. खरी गंमत त्यातच आहे, कारण आता ओळखण्याची परीक्षा तुमची असते. एखादं उत्तर चुकू द्या, पण मुद्दाम प्रत्येक वेळी नको. मुलांना ते लगेच समजतं.

खेळ खुर्चीवर बसल्याबरोबर सुरू करा. कुरकुर सुरू झाल्यावर काढलेला खेळ मूल भिरकावून देतं, कारण तोवर ते थकलेलं असतं.

मोबाइलची अडचण अशी, की नंबर ऐन वेळी लागतो, तो काढून घ्यावा लागतो आणि रडणं दुप्पट होतं. द्यायचाच झाला तर सगळ्यात शेवटी द्या आणि आपोआप संपणारी एकच छोटी गोष्ट लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून जास्त नसावा, कमी असेल तितकं चांगलं.

प्रश्न : नात पाच वर्षांची आहे. बागेत झोपाळ्यासाठी थांबावं लागलं की रडकुंडीला येते. – एक आजोबा

उत्तर : ती झोपाळ्याकडे टक लावून उभी असते का, ते पाहा. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी अमेरिकेत केलेल्या, ‘थांबलास तर जास्त खाऊ’ अशाच प्रसिद्ध प्रयोगांत खाऊ झाकून ठेवला किंवा मुलांचं मन दुसरीकडे गुंतलं, की ती जास्त वेळ थांबू शकत. डोळे झाकणं, गाणं म्हणणं अशा युक्त्या काही मुलांनी स्वतःच काढल्या होत्या.

तिला झोपाळ्याकडे पाठ करायला सांगा आणि ऊन असेल तर सावल्यांशी खेळा : तुमच्या सावलीच्या डोक्यावर पाय द्यायचा, दोन सावल्यांची मिळून एक करायची, हात जमिनीपासून लांब-जवळ करून बोटांची सावली पुसट-ठळक करायची. ऊन नसेल तर एका पायावर उभं राहून अंक मोजणं चालतं. रांगेतली जागा तुम्ही धरून ठेवा आणि ते तिला आधीच सांगा. नंबर जाईल ही धास्ती असेल तर कुठलाच खेळ रंगत नाही.

प्रश्न : तीन आणि सात वर्षांची दोन मुलं आहेत. एकाला जमतो तो खेळ दुसऱ्याला कंटाळवाणा वाटतो. – एक बाबा

उत्तर : खेळ एकच ठेवा, कामं वेगळी द्या. ‘काय नाहीसं झालं?’ या खेळाला किल्ली, पेन आणि रुमाल पुरतात. तीन वस्तू मांडायच्या, धाकट्याने डोळे मिटायचे, थोरल्याने एक लपवायची. थोरल्याची पाळी आली की वस्तू सहा-सात करा, किंवा काही न लपवता दोन वस्तूंच्या जागांची फक्त अदलाबदल करा. हरणं-जिंकणं, गुण मोजणं नको. या दोन वयांत भांडणाचं मूळ बहुधा तेच असतं. खेळ रंगात असतानाच थांबवा, म्हणजे पुढच्या वेळी मुलंच तो मागतात.

पिशवीत जादा सामान ठेवायचं असेल तर तीन खडू, कोरे कागद आणि चिकटपट्टीचं छोटं रीळ पुरे. धाकट्याच्या हाती मणी, गोट्या, बटणं देऊ नका, घशात अडकतात. लांब दोराही नको. ही पिशवी घरी उघडायची नाही. रोज हाताळलेल्या वस्तूंचं बाहेर अप्रूप राहत नाही.

प्रश्न : मी फोनवर बोलत असले की मुलगी सारखी मध्ये बोलते. वय साडेतीन. – एक आई

उत्तर : एक खूण ठरवा. तिला काही सांगायचं असेल तर तिने तुमच्या मनगटावर हात ठेवायचा. तुम्ही तिच्या हातावर हात ठेवायचा, म्हणजे ‘कळलं मला’. सुरुवातीला मोजून दहा सेकंदांत तिच्याकडे वळा, मग आठवड्या-आठवड्याने वेळ थोडा थोडा वाढवा. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं थांबवलंत तर ती खूण सोडून पुन्हा ओरडू लागेल. फोन नसताना खोटा फोन कानाला लावून चार-पाच वेळा सराव करा, आणि एकदा तिला फोनवर बोलू देऊन मनगटावर हात तुम्ही ठेवा.